जावाचा कोरडा आषाढ : ज्वालामुखी चढण्याचा 'योग्य ऋतू' कसा ठरला?

१/ आषाढ लागला की सह्याद्रीच्या वाटा माणसांनी भरून जातात. धबधबे, धुके, ओला कातळ यांसाठीच माणसे डोंगरात शिरतात. नेमक्या त्याच आठवड्यांत विषुववृत्तापलीकडच्या जावा बेटावर ब्रोमो आणि सेमेरू या ज्वालामुखींच्या वाटांवर धूळ उडत असते. तिथला चढाईचा हंगाम तोच. पण कारण अगदी उलट. तिथे तेव्हा पाऊस नसतो.

२/ 'उष्ण कटिबंधातील ज्वालामुखी केव्हा चढावा?' या प्रश्नाला आज ठरलेले उत्तर मिळते : जावासाठी मे ते सप्टेंबर. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. त्यामागे किमान साडेसहाशे वर्षांचा अनुभव आहे आणि काही फार मोठ्या किमतीने मिळालेले धडेही आहेत. या धाग्यात त्या उत्तराचा इतिहास पाहू.

३/ सुरुवात एका शब्दापासून. अरबी 'मौसिम' म्हणजे ठरावीक काळ, हंगाम. अरब खलाशांसोबत हा शब्द हिंदी महासागराच्या दोन्ही काठांना लागला. मराठीत 'मोसम' झाला, युरोपीय भाषांतून फिरून 'मान्सून' म्हणून परतला. मलय भाषेत तो 'मुसिम' झाला. इंडोनेशियात आजही पावसाळ्याला 'मुसिम हुजान' आणि कोरड्या ऋतूला 'मुसिम कमाराउ' म्हणतात. शब्द एकच, त्याखाली येणारे महिने मात्र उलटे.

४/ कारण वाऱ्यांच्या व्यवस्थेत आहे. जून ते सप्टेंबर या काळात पावसाचा मुख्य पट्टा विषुववृत्ताच्या उत्तरेला सरकतो. तेव्हा जावावर ऑस्ट्रेलियाच्या बाजूने येणारे कोरडे आग्नेय वारे वाहतात आणि भारतात नैर्ऋत्य मोसमी वारे पाऊस आणतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत पट्टा दक्षिणेला उतरतो. आपल्याकडे कोरडी थंडी असते आणि जावात मुसळधार. एडमंड हॅलीने १६८६ साली या वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. पण जावाच्या शेतकऱ्याला आणि राजाला हे वेळापत्रक त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होते.

५/ पुरावा हवा असेल तर मजपहित साम्राज्याच्या काळात जावे लागते. कवी प्रपंच याने १३६५ साली रचलेल्या 'नागरकृतागम' या काव्यात राजा हयम वुरुक याच्या पूर्व जावातील मोठ्या दौऱ्याचे वर्णन आहे. राजा निघाला तो शके १२८१, म्हणजे इ. स. १३५९ च्या भाद्रपदात. सोबत दरबार, बैलगाड्या, हत्ती-घोडे. वाट लुमाजांगकडे, म्हणजे सेमेरूच्या पायथ्याच्या मुलखात जाणारी.

६/ मराठी वाचकाला भाद्रपद म्हटले की गणपती आणि पावसाच्या सरी आठवतात. सैन्याने सीमोल्लंघन करायचे ते आश्विनातल्या दसऱ्याला, पाऊस ओसरल्यावर. जावात मात्र भाद्रपद हा प्रवासाचा महिना होता. पंचांगातील नावे भारतातून गेली. पण त्या नावांखालचे हवामान जावाने आपले आपण भरले. हंगाम नकलून घेता येत नाही, तो जागेवरच शिकावा लागतो. या इतिहासाचा हा पहिला धडा.

७/ हे शिकलेले ज्ञान जावाच्या शेतीपंचांगात साठवलेले आहे. त्याचे नाव 'प्रानाता मांग्सा', म्हणजे ऋतूंची मांडणी. सुराकार्ताच्या पाकुबुवोनो सातवे यांच्या दरबाराने १८५५ साली त्याला निश्चित रूप दिले. वर्षाचे १२ भाग, पण सारखे नाहीत : काही २३ दिवसांचे, काही ४१, काही ४३. पहिला भाग २२ जूनच्या सुमारास सुरू होतो आणि त्याची खूण आहे झाडांची पानगळ.

८/ या १२ भागांपैकी पहिल्या दहांची नावे जावाच्या अंकांवरून आली आहेत. शेवटच्या दोघांची नावे मात्र ओळखीची वाटतील : 'देस्ता' आणि 'सादा', म्हणजे ज्येष्ठ आणि आषाढ. 'सादा' साधारण १२ मे ते २१ जून या ४१ दिवसांचा. पाऊस संपून कोरडा ऋतू स्थिरावण्याचा हा काळ. आपल्या आषाढात विठोबाची वारी पावसातून चालते; जावाचा आषाढ पावसाला निरोप देतो.

९/ आता डोंगराकडे वळू. ब्रोमोच्या परिसरात तेंगेर समाज राहतो. मजपहितच्या पतनानंतर जावात बहुतेक ठिकाणी इस्लाम रुजला, तरी या उंच मुलखात हिंदू परंपरा टिकली. त्यांच्या पंचांगातील 'कासादा' महिन्यात, पौर्णिमेच्या सुमारास, हजारो लोक रात्री ब्रोमोच्या विवराच्या कडेला चढतात आणि धान्य, भाज्या, फळे, कोंबड्या विवरात अर्पण करतात. 'यज्ञ कासादा' हे त्या विधीचे नाव.

१०/ दंतकथा सांगते की रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या निपुत्रिक दांपत्याला पर्वताच्या देवतेने २५ मुले दिली. अट एकच, शेवटचे मूल विवराला द्यायचे. आईबापांनी टाळाटाळ केली, तेव्हा पर्वत खवळला आणि धाकटा कुसुमा आत ओढला गेला. त्याच्या स्मरणार्थ हे अर्पण. अलीकडच्या बहुतेक वर्षांत हा विधी जून-जुलैत, कोरड्या ऋतूत आला आहे. वाट सुकी असते, आकाश मोकळे असते. तरीही कथेचा गाभा हवामानाचा नाही. तो सांगतो की या डोंगराला स्वतःची मर्जी आहे.

११/ सह्याद्री आणि जावा यांच्यातील मूळ फरक इथेच आहे. सह्याद्रीचा काळा कातळही लाव्हाचाच. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याला पाऊस, निसरडी वाट आणि दरड यांचाच विचार करावा लागतो. इंडोनेशियात मात्र सुमारे १२७ सक्रिय ज्वालामुखी मोजले जातात. तिथे चढणाऱ्यासमोर दोन वेळापत्रके असतात : एक आभाळाचे, दुसरे जमिनीखालचे. पहिले दरवर्षी परत येते. दुसऱ्याला वर्ष ठाऊक नाही.

१२/ एकोणिसाव्या शतकात युरोपीय निसर्गाभ्यासक या डोंगरांवर आले तेव्हा त्यांनी पहिले वेळापत्रक बारकाईने लिहून काढले. त्यात अग्रभागी नाव फ्रान्झ युंगहून याचे. जन्म १८०९, जर्मनीत. १८३५ साली डच सेवेतील लष्करी वैद्य म्हणून तो जावात पोहोचला आणि पुढे बेटावरील बहुतेक ज्वालामुखी पालथे घातले. वायुभारमापकाने उंची मोजायची, वनस्पती नोंदवायच्या, विवरांची रेखाटने करायची, हा त्याचा क्रम.

१३/ युंगहूनने जावाच्या उंचीचे चार पट्टे पाडले : उष्ण, समशीतोष्ण, शीत आणि अतिशीत. विषुववृत्ताजवळ जानेवारी आणि जुलै यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. थंडी महिन्यांप्रमाणे नव्हे तर उंचीप्रमाणे येते. दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. म्हणून ३,६७६ मीटर उंच सेमेरूचा माथा बारमाही गारच. ऋतू बदलतो तो मुख्यतः पावसाचा, ढगांचा आणि वाऱ्याच्या दिशेचा.

१४/ त्यातही एक विपरीतता आहे. कोरड्या ऋतूत रात्री आकाश निरभ्र असते, जमिनीची उष्णता निसटून जाते आणि उंच पठारांवर दहिवर गोठते. दिएंग पठारावर भीम, अर्जुन, घटोत्कच अशा नावांची प्राचीन मंदिरे आहेत. तिथे जुलै-ऑगस्टच्या पहाटे गवत पांढरे पडते आणि बटाट्याची पिके जळतात. शेतकरी त्याला 'बुन उपास', विषारी दव, म्हणतात. म्हणजे चढाईचा उत्तम हंगाम हाच कडाक्याच्या थंडीचाही हंगाम.

१५/ १८६६ साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, वेधशाळा स्थापन झाली आणि पावसाची नोंद पद्धतशीर होऊ लागली. शहरात जानेवारीत सरासरी सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस, ऑगस्टमध्ये ५० हून कमी. कॉफी आणि उसाच्या मळ्यांना हे तक्ते हवे होतेच. पण त्यांच्यासोबत 'कोरडा म्हणजे सुरक्षित' ही समजूतही पक्की होत गेली. तिची परीक्षा लवकरच झाली.

१६/ २० मे १८८३ रोजी, दोन शतकांच्या शांततेनंतर, सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाताऊ बेट जागे झाले. २७ मे रोजी 'गव्हर्नर-जनराल लाउडन' हे वाफेचे जहाज बटाव्हियाहून ऐंशीहून अधिक हौशी प्रवाशांना घेऊन तिथे गेले. ऋतू अनुकूल होता. माणसे राखेत पाय रोवत पेर्बुवातान विवराच्या काठापर्यंत चढली, आत डोकावली आणि सुखरूप परतली. त्या सहलीतले एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

१७/ ११ ऑगस्टला कॅप्टन फर्झेनार पाहणीसाठी बेटावर उतरला. बेटाची झाडी नष्ट झाली होती आणि अनेक तोंडांतून वाफ व राख उसळत होती. त्याने कच्चा नकाशा काढला आणि अधिक मोजणी करणे धोक्याचे असल्याचे कळवले. त्या बेटावर पाऊल ठेवणारा तो शेवटचा ज्ञात माणूस. २७ ऑगस्टच्या सकाळी बेटाचा बराचसा भाग नाहीसा झाला. त्सुनामीच्या लाटांनी किनारे धुऊन नेले. मृतांचा अधिकृत आकडा ३६,४१७.

१८/ ऑगस्ट. पावसाच्या तक्त्यानुसार वर्षातील सर्वांत विश्वासार्ह महिन्यांपैकी एक. तक्ता चुकला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच अर्धा होता. पाऊस केव्हा पडणार नाही, एवढेच तो सांगू शकत होता.

१९/ दुसरा मोठा धडा १९ मे १९१९ च्या मध्यरात्रीचा. पूर्व जावातील केलूद ज्वालामुखीच्या विवरात सरोवर होते. त्यात सुमारे ४ कोटी घनमीटर पाणी साठलेले. उद्रेकाने ते पाणी बाहेर फेकले. राख, दगड आणि गरम पाणी यांचा लोंढा दऱ्यांतून वस्त्यांवर आला आणि ५,००० हून अधिक माणसे मेली. अशा लोंढ्यासाठी जावाचा 'लाहार' हा शब्द आज जगभरचे भूवैज्ञानिक वापरतात. पावसाळा तेव्हा जवळजवळ संपला होता. पण डोंगराने आपले पाणी स्वतःच साठवून ठेवले होते.

२०/ केलूदनंतर, १९२० साली, डच प्रशासनाने ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. केलूदच्या सरोवराचे पाणी उतरवण्यासाठी डोंगराच्या पोटातून बोगदा काढण्यात आला. आजच्या इंडोनेशियन ज्वालामुखी-निरीक्षणाचा हा उगम. आता दुसऱ्या वेळापत्रकाचीही नोंद होऊ लागली. फक्त त्याला महिने नव्हते, इशारे होते.

२१/ स्वातंत्र्यानंतर या डोंगरांकडे इंडोनेशियाची तरुण पिढी वळली. १९६४ साली इंडोनेशिया विद्यापीठात 'मापाला' हा निसर्गप्रेमी विद्यार्थ्यांचा गट स्थापन झाला. संस्थापकांपैकी एक होता इतिहासाचा विद्यार्थी सू हॉक गी. चिनी वंशाचा, तल्लख, निर्भीड. सुकार्नोंच्या कारभारावर त्याने टीका केली आणि सुहार्तोंच्या राजवटीत झालेल्या हत्याकांडाविरुद्धही तो गप्प बसला नाही. आपल्या देशावर प्रेम करायचे तर देशाची माती पायाखाली घातली पाहिजे, अशी त्या गटाची धारणा होती.

२२/ डिसेंबर १९६९ मध्ये गी आणि त्याचे सोबती सेमेरूवर गेले. भर पावसाळा होता. १६ डिसेंबरच्या मंगळवारी, दिवस कलत असताना, माथ्याजवळ गी आणि त्याचा तरुण सहकारी इधान लुबिस विषारी वायूने मरण पावले. दुसऱ्या दिवशी गीचा २७ वा वाढदिवस होता. मृतदेह खाली आणायला कित्येक दिवस लागले. त्याची रोजनिशी १९८३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या पिढ्यांनी ती उराशी धरली.

२३/ या मृत्यूंचा दोष केवळ पावसाळ्याला देणे सोपे आहे. पण इतिहास तेवढ्यावर थांबू देत नाही. सेमेरूचे धगधगते विवर, जोंगरिंग सालोको, माथ्याच्या दक्षिण अंगाला आहे. पहाटे वारा सहसा वायूला माथ्यापासून दूर नेतो. दिवस चढला की वायू माथ्याकडे वळण्याचा धोका वाढतो. म्हणून तिथला पक्का नियम असा : मध्यरात्री निघा, सूर्योदयाला माथा गाठा, सकाळी नऊ-दहाच्या आत उतरायला लागा. हा नियम भर ऑगस्टमध्येही लागू असतो.

२४/ वायू किती निःशब्द मारतो हे दिएंगने २० फेब्रुवारी १९७९ रोजी पुन्हा दाखवले. पहाटे लहानसा उद्रेक झाला. गावकरी घाबरून पळाले आणि वाटेत जमिनीलगत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडले. सुमारे दीडशे माणसे मेली. हा वायू हवेपेक्षा जड. तो खोलगट जागी पाण्यासारखा साचतो. त्याला वास नाही, रंग नाही.

२५/ मग कोरड्या ऋतूला चिकटून राहावे? त्याचीही किंमत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये, एल निन्योमुळे लांबलेल्या कोरड्या हंगामात, लावू पर्वतावर वणव्यात सापडून गिर्यारोहक मरण पावले. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रोमोच्या गवताळ पठारावर छायाचित्रणासाठी पेटवलेल्या फ्लेअरने मोठी आग लागली. २९ जुलै २०१८ रोजी लोंबोकचा भूकंप झाला तेव्हा रिंजानीवर हंगामाची गर्दी होती. दरडी कोसळून शेकडो लोक वरच अडकले. 'उत्तम हंगाम' म्हणजे सर्वाधिक माणसे एकाच वेळी डोंगरावर, हेही विसरता येत नाही.

२६/ पावसाळ्याचा धोका मात्र खरा आणि दुहेरी आहे. तो वाट तर बिघडवतोच, पण ज्वालामुखीलाही हात घालतो. ४ डिसेंबर २०२१ रोजी सेमेरूच्या माथ्यावरील लाव्हाचा घुमट ढासळला आणि तप्त राखेचा लोट गावांवर आला. ५० हून अधिक माणसे दगावली. मुसळधार पावसाने घुमटाची झालेली झीज हे त्यामागचे एक कारण म्हणून नोंदवले गेले. रिंजानीचे राष्ट्रीय उद्यान दरवर्षी साधारण जानेवारी ते मार्च चढाई बंद ठेवते, त्यामागे हाच शहाणपणा.

२७/ आणि जावाचा नियम सर्वत्र चालत नाही. पश्चिम सुमात्रातील मारापी विषुववृत्ताला लागून आहे. तिथे पाऊस जवळजवळ बारमाही. ३ डिसेंबर २०२३ रोजी त्याचा अचानक उद्रेक झाला तेव्हा डोंगरावर ७५ गिर्यारोहक होते. २४ जण मरण पावले. इशाऱ्याची पातळी दुसरी होती आणि विवरापासून ३ किलोमीटर दूर राहण्याची शिफारस होती. तरीही चढाईचे परवाने दिले जात होते. तिथे ऋतू चुकला नव्हता. दुसऱ्या वेळापत्रकाकडे दुर्लक्ष झाले होते.

२८/ इंडोनेशियात या इशाऱ्यांच्या चार पातळ्या आहेत : 'नॉर्मल', 'वास्पादा', 'सियागा' आणि 'आवास'. म्हणजे साधारणपणे स्थिती नेहमीची, सावध राहा, सज्ज राहा, धोका. विमानाचे तिकीट काढण्याआधी पावसाचा तक्ता पाहणारा प्रवासी ही पातळी पाहतोच असे नाही. एकोणिसाव्या शतकातील 'कोरडा म्हणजे सुरक्षित' ही समजूत आजही जाहिरातींतून बोलते.

२९/ तेव्हा उत्तर तीन घड्याळांत वाटून द्यावे लागते. वर्षाचे घड्याळ : जावा-लोंबोकसाठी मे ते सप्टेंबर, त्यातही ओल टिकलेली असताना वणव्याची भीती कमी असलेला मे-जून. दिवसाचे घड्याळ : पहाटे वर, सकाळी खाली. आणि डोंगराचे घड्याळ : इशाऱ्याची पातळी आणि स्थानिकांचा शब्द. पहिली दोन घड्याळे जुळली आणि तिसऱ्याने नकार दिला, तर परत फिरणे हाच योग्य ऋतू.

३०/ हयम वुरुकच्या दरबाराने भाद्रपद निवडला, जावाच्या शेतकऱ्याने पानगळ मोजली, युंगहूनने उंची मोजली, वेधशाळेने पाऊस मोजला. प्रत्येकाने आभाळाचा एकेक हिशेब मांडला. तेंगेर लोक मात्र सर्व हिशेब जुळवून, कोरड्या वाटेने, स्वच्छ चांदण्यात विवराच्या काठी पोहोचतात आणि तिथे पोहोचल्यावरही आधी हात जोडतात. क्राकाताऊ, केलूद, सेमेरू आणि मारापी यांचा इतिहास वाचल्यावर त्या हात जोडण्यात केवळ श्रद्धा दिसत नाही, अनुभवही दिसतो.

#इतिहास #धागा #जावा #ज्वालामुखी